वाफसा ओळखा, मगच मैदानाला हात लावा

शाळेचं मैदान सांभाळायचं काम नव्याने अंगावर आलं की बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच रोलर शोधायला लागतात. मीही तेच केलं होतं. स्पर्धा दोन दिवसांवर आली होती, आदल्या रात्री चांगला पाऊस झाला होता आणि मैदान गुळगुळीत दिसायला हवं म्हणून सकाळी ओल्या मातीवर आम्ही जड रोलर फिरवला. त्या दिवशी सगळ्यांनी कौतुक केलं. नंतर मात्र त्या पट्ट्यात पाणी मुरायचं थांबलं. पाऊस पडला की तळं साचायचं, ऊन पडलं की वरचा थर पापुद्र्यासारखा सुटायचा आणि पळणाऱ्या पोरांचे पाय नेमके तिथेच घसरायचे. ते निस्तरायला पुढचं अख्खं वर्ष गेलं.

चूक रोलरची नव्हती, वेळेची होती. शेतात राबणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पाऊस उघडला आहे, चिखल ओसरला आहे, पण माती अजून सुकून दगड झालेली नाही, या मधल्या अवस्थेला वाफसा म्हणतात, आणि वाफसा आल्याशिवाय तो रानात औत घालत नाही. मैदानाचंही तसंच आहे. भर घालणं, दाबणं, सपाटी करणं, भोकं पाडणं, गवत लावणं ही मातीची सगळी कामं वाफशावरच करायची. त्यामुळे आधी वाफसा हाताला कळला पाहिजे.

वाफसा हाताने कसा पाहायचा

मैदानाचा वरचा थर फसवतो. ऊन आणि वारा लागून तो लवकर सुकतो, खाली मात्र चिखल असतो. म्हणून खुरप्याने चार बोटं खाली जा आणि तिथली मूठभर माती घ्या. मूठ घट्ट आवळा, मग उघडा. बोटांच्या फटीतून चिखल आला किंवा तळहाताला लेप बसला, तर माती ओली आहे. त्या दिवशी मैदानावर पाऊलसुद्धा नको. माती मुठीत गोळा झाली आणि अंगठ्याने टोचल्यावर तो गोळा तीन-चार तुकड्यांत फुटला, तर वाफसा आला. गोळाच झाला नाही, नुसता भुगा हातात राहिला, तर माती कोरडी आहे. आधी पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी पुन्हा पाहायचं.

हे एकाच जागी पाहून भागत नाही. झाडाखाली, इमारतीच्या सावलीत आणि उघड्या मधल्या भागात वाफसा वेगवेगळ्या वेळी येतो. महिनाभर रोज मूठ आवळून पाहिलीत, की पुढे नुसत्या पायाखालच्या आवाजावरून कळायला लागतं.

पहिली पायरी: काही न करता मैदान वाचा

पहिले काही आठवडे काहीही दुरुस्त करू नका. एक कोरा कागद घ्या, मैदानाचा ढोबळ नकाशा काढा आणि जोराचा पाऊस थांबल्यावर छत्री घेऊन मैदानात जा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि कुठून बाहेर पडतं, ते बाणांनी दाखवा. बरेचदा मैदानाचा दोष मैदानात नसतोच. छपराचं पाणी सोडणारा पाइप, पिण्याच्या नळाखालची वाहती नाली, शेजारच्या उंच रस्त्यावरून येणारा लोंढा यांनी मैदान बिघडलेलं असतं. ते पाणी बाहेरच्या बाहेर वळवलं की निम्मं काम होतं. हे न करता आत कितीही माती टाकली तरी ती वाहूनच जाणार.

साचलेल्या प्रत्येक डबक्याजवळ वेळ लिहा. तासाभरात मुरलं, संध्याकाळपर्यंत राहिलं, की दुसऱ्या दिवशीही होतं? या तीन नोंदींवरून पुढच्या कामांचा क्रम ठरतो.

मग माती ओळखा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी घालून जोरात हलवा आणि बरणी स्थिर ठेवा. पहिल्या एक-दोन मिनिटांत खाली बसते ती वाळू. पुढच्या काही तासांत बसतो तो गाळ. एक-दोन दिवस पाणी गढूळ ठेवून सगळ्यात शेवटी बसते ती चिकणमाती. वाळू जास्त असेल तर पाणी मुरेल, पण वरचा थर पायाने विस्कटेल. चिकणमाती जास्त असेल तर मैदान घट्ट बसेल, पण ओलं झाल्यावर फुगेल आणि सुकल्यावर भेगाळेल.

पाणी किती वेगाने मुरतं तेही पाहा. बाजूच्या, खेळात न येणाऱ्या जागी हातभर रुंद आणि ३० सेंमी खोल खड्डा घ्या. एकदा पाण्याने भरून रिकामा होऊ द्या, दुसऱ्यांदा भरा आणि पट्टी उभी धरून पातळी किती उतरते ते बघा. तासाला २ ते ३ सेंमी पाणी मुरत असेल तर ठीक. एक सेंमीही उतरत नसेल तर त्या मैदानावरून पाणी मुरून जाणार नाही, ते उतारानेच काढावं लागेल. खड्डा त्याच दिवशी बुजवा.

दुसरी पायरी: उतार आणि खड्डे

मैदान सपाट हवं असं सगळे म्हणतात. खरं तर ते सपाट दिसायला हवं आणि किंचित उतरतं असायला हवं. शंभराला एक हा उतार डोळ्यांना जाणवत नाही, चेंडूलाही फारसा जाणवत नाही, पण पाण्याला पुरतो. व्हॉलीबॉलचं मैदान ९ मीटर रुंद असतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ९ सेंमीचा फरक दिला की झालं. उतार शक्यतो आखूड बाजूने द्या, म्हणजे पाण्याला कमी अंतर तोडावं लागतं आणि दोन्ही संघांना सारखीच जमीन मिळते.

उतार मोजायला महागडं उपकरण लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घ्या, आत हवेचा बुडबुडा राहणार नाही अशी पाण्याने भरा आणि दोन टोकं दोन खुंट्यांना धरा. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच असते. त्या खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. त्यांतला फरक म्हणजे तुमचा उतार.

उताराच्या खालच्या अंगाला पाणी घ्यायला चर हवी. ती खेळाच्या रेषेपासून दूर असावी आणि तिच्यावर जाळी किंवा झाकण असावं, कारण चेंडूमागे धावणारं पोर खाली बघत नाही. चरीत पालापाचोळा आणि वाहून आलेली माती साठते. पावसाआधी ती उपसली नाही, तर चर असून नसल्यासारखी.

खड्डा बुजवताना नवखे जी चूक हटकून करतात ती म्हणजे डबक्यात वरून सुटी माती ओतणं. ती माती चिखल होऊन तरंगते, सुकल्यावर खपली होते आणि पहिल्याच खेळात उडून जाते. नीट पद्धत अशी: खड्डा कोरडा होऊन वाफसा येऊ द्या. कडा कुदळीने सरळ उभ्या कापा. तळ दोन-तीन बोटं उकरा, म्हणजे जुनी आणि नवी माती एकमेकींत धरेल. मैदानात जी माती आहे तीच, चाळून, किंचित ओलसर करून भरा. एका वेळी ५ ते ७ सेंमीचाच थर घाला आणि धुमसाने चोपा, मग त्यावर दुसरा थर. शेवटचा थर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बोटभर उंच ठेवा. तो पुढे बसतो. मुरमाच्या मैदानात मुरूमच, काळ्या मातीत काळी मातीच. दोन वेगळ्या मातींच्या सीमेवर पाणी अडतं आणि तिथूनच नवा थर सुटतो.

चिकणमातीचं मैदान मोकळं व्हावं म्हणून त्यात चार टोपल्या वाळू मिसळण्याचा सल्ला हमखास मिळतो. इतक्या थोड्या वाळूने माती मोकळी होत नाही, उलट सुकल्यावर विटेसारखी कडक होऊ शकते. फरक पडायला वाळूचं प्रमाण निम्म्याहून बरंच जास्त लागतं, आणि तेवढं काम म्हणजे जवळजवळ नवं मैदान बांधणं आहे.

तिसरी पायरी: मातीची मैदानं

खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल ही मैदानं बहुधा मातीची असतात आणि त्यांना रोज थोडं लक्ष लागतं. आठवड्यातून एकदा चार तास राबण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं बरी.

संध्याकाळी खेळ संपला की आधी खडे वेचायचे. मग दाताळ्याने उंचवटे मोडायचे आणि दोरी बांधलेली जड फळी ओढत फिरवायची. फळी कायम बाहेरून आत ओढा. आतून बाहेर ओढत राहिलात तर दर वेळी थोडी माती कडेला जाते, काही महिन्यांत चारी बाजूंनी बांध तयार होतो आणि मैदानाची परात होते. मग पाणी बाहेर जाणार कुठून? आधीच बांध झाला असेल तर कडेची माती खरवडून मधे आणा, नवी आणू नका.

शेवटी झारीने किंवा पाइपच्या तोंडाला फवारा लावून पाणी मारायचं. जोराच्या धारेने माती खणली जाते. पाणी आदल्या संध्याकाळी मारलं तर रात्रभर मुरतं, सकाळी धूळ उडत नाही आणि पायाला पकड मिळते. खेळाच्या दहा मिनिटं आधी मारलं तर वरचा थर निसरडा आणि खाली कोरडा, म्हणजे पडायची हमी. अगदीच धूळ असेल तर नुसता हलका शिडकावा.

पकड शिकायला माझ्या मते खो-खोच्या खांबाजवळची जागा सगळ्यात चांगली. खेळाडू तिथे पूर्ण वेगात येतो, खांब धरून वळतो आणि टाच रोवतो. खांबाभोवती हळूहळू बशीसारखा खड्डा पडतो. दुरून तो दिसत नाही. खाली बसून जमिनीलगत डोळा नेला की कळतो. त्या बशीत पायाचा घोटा मुरगळतो. म्हणून खांबाभोवतीची माती मी आठवड्यातून दोनदा वेगळी भरतो आणि चोपतो, बाकी मैदान ठीक दिसत असलं तरी. कबड्डीची मधली रेषा आणि व्हॉलीबॉलच्या जाळ्याखालची, उडी मारून उतरायची जागा यांचंही तसंच.

रोलर वाफशावर, हळू चालीने आणि आधी हलका, मग जड. पट्टे एकमेकांवर निम्मे चढवत जायचे. रोलरला माती चिकटायला लागली की लगेच थांबा.

चौथी पायरी: गवताचं मैदान

ऊन भरपूर असेल तर हरळीला तोड नाही. जमिनीवरून आणि जमिनीखालून अशा दोन्ही बाजूंनी ती पसरते, म्हणून तुडवली गेली तरी पुन्हा उभी राहते. सावलीत मात्र ती तग धरत नाही. झाडाखाली दर वर्षी हरळी लावत बसण्यापेक्षा त्या जागी साधी चोपलेली माती ठेवा.

कापताना एक नियम पाळा: एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. शाळेच्या फुटबॉल मैदानाला ३ ते ५ सेंमी उंची चांगली. सुट्टीनंतर गवत गुडघ्यापर्यंत आलं असेल तर एका दिवसात जमीनदोस्त करू नका, चार-पाच दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने खाली आणा. यंत्राचं पातं बोथट असेल तर गवत कापलं न जाता फाटतं आणि टोकं पांढुरकी दिसतात. यंत्र चालू असताना मैदानावर एकही मूल नको, कारण पात्याखाली आलेला खडा गोळीसारखा सुटतो.

पाणी रोज थोडं देण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा खोलवर द्या. मुळं पाण्यामागे खाली जातात. पाऊस धरून आठवड्याला साधारण २५ मिमी पुरतं. एक चौरस मीटरवर एक मिमी पाणी म्हणजे एक लिटर. म्हणजे ९० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद मैदानाला आठवड्याचं पाणी एक लाख लिटरच्या वर जातं. एवढं पाणी सगळ्यांकडे नसतं. मग अट्टहास न करता गोलपोस्टसमोरची जागा आणि मैदानाचा मध्य एवढंच जगवा. कोपऱ्यांतलं गवत पिवळं पडलं तरी हरळी मरत नाही, पाऊस आला की फुटते. पाइपने किती पाणी पडलं हे कळायला मैदानात चार-पाच रिकामे डबे ठेवा आणि आत साठलेलं पाणी पट्टीने मोजा.

गवत मरण्याचं सगळ्यात मोठं कारण पाणी किंवा खत नसतं, दबलेली माती असते. वाफशावर साधा लांब स्क्रूड्रायव्हर हाताने जमिनीत रोवून पाहा. दहा सेंमी सहज गेला तर माती मोकळी. मधेच अडला तर मुळंही तिथेच अडली आहेत. अशा जागी लोखंडी दातांचा काटा ७ ते १० सेंमी खोल रोवायचा, किंचित मागे हलवायचा आणि काढायचा. हातभर जागेत सात-आठ वेळा. भोकांत बारीक, धुतलेली वाळू झाडूने ढकलली तर ती जास्त दिवस उघडी राहतात. कंटाळवाणं काम आहे, पण मी केलेल्या कामांत सगळ्यात जास्त फळ यानेच दिलं आहे.

गोलपोस्टसमोरची टक्कल पडलेली जागा हा प्रत्येक शाळेचा प्रश्न. तिथे बी टाकून खेळ चालू ठेवला तर काहीच उगवत नाही. गोलपोस्ट हलवता येण्यासारखे असतील तर सराव आडवा घ्या किंवा संपूर्ण आखणी काही मीटर सरकवा. हलवता येत नसतील तर लांब सुट्टी लागेल त्याच दिवशी काम सुरू करा: जमीन उकरा, भर घाला, मैदानाच्या कडेची हरळी चौकोनी वड्यांसारखी मुळांसकट कापून आणा, वड्या एकमेकींना भिडवून बसवा, पायाने दाबा, पाणी द्या आणि दोरी बांधून जागा बंद करा. महिनाभर तरी तिथे पाय पडता कामा नये. वडीचा कोपरा धरून वर ओढून पाहा. उचलली गेली तर मुळं धरलेली नाहीत, दोरी तशीच राहू द्या.

खताबद्दल थोडकंच. माती तपासून घ्या, कमी प्रमाणात आणि गवत वाढीला लागलं असेल तेव्हाच द्या. कापलेलं बारीक गवत मैदानातच राहू दिलं तर थोडं खत तेच परत करतं.

क्रिकेटची खेळपट्टी

शाळेत मातीची चांगली खेळपट्टी राखायची तर एक माणूस जवळजवळ तिच्याच मागे लागतो. चिकणमातीचं प्रमाण जास्त असलेली माती, खोलवर पाणी आणि ती सुकत जाताना दिवसातून अनेकदा थोडा थोडा रोलर, असं ते काम आहे. तेवढी माणसं नसतील तर सिमेंटच्या पायावर मॅट घालणं शहाणपणाचं. मॅट चारी बाजूंनी ताणून बसवा. खिळ्यांची डोकी मॅटच्या पातळीखाली जायला हवीत आणि खेळाआधी मॅटवरून पाय घासत चालत जाऊन सुरकुती लागते का ते पाहा. आखूड टप्प्याच्या जागी पडलेली एक सुरकुती चेंडू थेट फलंदाजाच्या तोंडावर उडवते. मॅट ओली गुंडाळून ठेवू नका, कुजते.

पक्के कोर्ट

बास्केटबॉलचं सिमेंटचं किंवा डांबरी कोर्ट बघायला निश्चिंत वाटतं, पण तिथे पडलं की लागतं जास्त. सगळ्यात आधी शेवाळ. सावलीतला, सतत ओला राहणारा कोपरा हिरवट दिसायला लागला की ताठ ब्रशने घासून काढा आणि वर झुकलेल्या फांद्या छाटा, म्हणजे ऊन पोचेल.

खोलगट जागा शोधायला उन्हाच्या दिवशी पूर्ण कोर्ट पाण्याने भिजवा आणि तासाभराने बघा. जिथे अजून पाणी आहे त्यात एक नाणं आडवं ठेवा. नाणं पाण्याखाली बुडलं तर ती जागा भरून घ्यायला हवी. तिच्याभोवती खडूने रेघ ओढून ठेवा. कोर्ट सुकल्यावर खड्डा डोळ्यांना दिसत नाही.

भेगांमध्ये आधी गवत उगवतं, मग त्या रुंदावतात. गवत मुळासकट काढा, भेग कोरडी आणि स्वच्छ करा आणि लवचिक भराव घाला. दोन लाद्यांमधला मुद्दाम ठेवलेला सांधा सिमेंटने कधीही बुजवू नका. उन्हात काँक्रीट प्रसरण पावतं, त्याला ती जागा लागते. नाही मिळाली तर कडा फुटतात. एकच भेग दर वर्षी त्याच जागी उघडत असेल तर खाली झाडाचं मूळ किंवा झिरपणारं पाणी आहे, वरचा भराव पुरणार नाही. नव्या काँक्रीटला रंग द्यायची घाई नको, निदान २८ दिवस थांबा.

रिंगची उंची ३.०५ मीटर. दर महिन्याला ती मोजा, कारण रिंगला लोंबकळून ती खाली झुकते. खांबाचा जमिनीलगतचा भाग हातोडीने हलकेच ठोकून पाहा; बद्द आवाज आला किंवा गंजाचे पापुद्रे पडले तर खांब आतून खाल्ला गेला आहे.

कृत्रिम गवत असेल तर आतला भराव ताठ ब्रशने सारखा करत राहा, विशेषतः पेनल्टीच्या खुणेजवळ. भर उन्हात ते हवेपेक्षा खूप जास्त तापतं. आधी तळहात टेकवून बघा, मग मुलांना सोडा.

आखणी

मैदान कितीही चांगलं असलं तरी काटकोन चुकला की सगळं वाकडं दिसतं. व्हॉलीबॉलचं उदाहरण घेऊ. मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद. कर्ण येतो २०.१२ मीटर. योगायोग असा की क्रिकेटचे २२ यार्ड म्हणजेही २०.१२ मीटरच, त्यामुळे हा आकडा विसरायला होत नाही.

१. लांब बाजूला दोन खुंट्या ठोका, अंतर १८ मीटर, मधे सुतळी ताणलेली.
२. पहिल्या खुंटीपासून ९ मीटरची आणि दुसऱ्या खुंटीपासून २०.१२ मीटरची टेप धरा. दोन्ही टोकं जिथे भेटतात तो तिसरा कोपरा.
३. उलट बाजूने तसंच करून चौथा कोपरा काढा.
४. आता नव्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर मोजा. ते १८ मीटर आलं आणि दोन्ही कर्ण सारखे आले तरच पुढे जा.
५. मधली रेषा आणि तिच्यापासून दोन्हीकडे ३ मीटरवर आक्रमणाची रेषा.

टेप पोलादी घ्या; कापडी टेप ओढली की लांबते. मोठ्या मैदानाच्या कोपऱ्याला ३-४-५चा त्रिकोण चालतो, पण तो ९, १२ आणि १५ मीटरचा घ्या. छोट्या त्रिकोणातली बोटभर चूक शंभर मीटरवर हातभर होते.

रेषेची जाडी कुठे धरायची इथे हमखास घोळ होतो. व्हॉलीबॉलमध्ये ५ सेंमीची रेषा मैदानाच्या आत मोजतात. बास्केटबॉलमध्ये २८ गुणिले १५ मीटर हे माप रेषेच्या आतल्या कडेपासूनचं, म्हणजे रेषा कोर्टाबाहेर. फुटबॉलमध्ये रेषा १२ सेंमीपेक्षा जाड नको.

धावण्याच्या लेन १.२२ मीटर रुंद. पूर्ण एक फेरी लेनमधूनच धावायची असेल तर बाहेरच्या लेनची सुरुवात पुढे सरकवावी लागते. आतली कड फक्त रेषेने आखलेली असेल तर प्रत्येक लेनला ७.६७ मीटर. मैदान २०० मीटरचं असो वा ४०० मीटरचं, आकडा तोच राहतो, कारण तो फक्त लेनच्या रुंदीवर ठरतो: १.२२ गुणिले २ गुणिले π (३.१४१६).

एकदा आखणी बिनचूक झाली की प्रत्येक कोपऱ्यात लांब खिळ्याला रंगीत दोरीचा तुकडा बांधून खिळा पूर्ण जमिनीत ठोका. खिळ्याचं डोकं दोन बोटं खाली, दोरीचं टोक तेवढं वर. पुढच्या वेळी पुन्हा मोजायला नको.

फक्की मारताना चुना वापरू नका. कळीचा असो वा विरवलेला, ओल्या त्वचेला तो भाजतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. रेषेवर पडलेलं, घामेजलेलं मूल डोळे चोळतं, तो क्षण डोळ्यासमोर आणा. खडूची पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट किंवा पाण्यात मिसळायचा मैदानाचा रंग वापरा. पोत्यावर काय लिहिलं आहे ते वाचल्याशिवाय पोतं फोडू नका.

रोज सकाळी, मुलं यायच्या आधी

हातात पिशवी घेऊन मैदान नांगरटीसारखं ओळीओळीने चाला. काच, तार, टोकदार खडे, जनावरांची घाण, मुंग्यांची वारुळं, रात्रीतून पडलेली फांदी. व्हॉलीबॉलचे खांब काढून ठेवले असतील तर त्यांच्या भोकांवर झाकण आहे का, ते पायाने दाबून पाहा. जाळ्याच्या तारेची टोकं बाहेर आली आहेत का?

आणि गोलपोस्ट. सुट्या, हलवता येणाऱ्या गोलपोस्टला आडव्या दांडीला धरून पुढे ओढून पाहा. जरा जरी मागचा पाय उचलला गेला तर त्या दिवशी तो वापरायचा नाही. मूल दांडीला लोंबकळतं, पोस्ट पुढे कलंडतो आणि वजन डोक्यावर किंवा छातीवर येतं. अशा अपघातांत अनेक देशांत मुलांचे जीव गेले आहेत. पोस्ट जमिनीत खुंटे ठोकून किंवा मागच्या दांडीवर वजन बांधून कायम जखडलेला हवा, खेळ नसतानाही. वापर संपला असेल तर तो तोंडावर पालथा घालून साखळीने बांधा.

मैदान बंद ठेवायचा अधिकार

ओल्या मैदानावरचा एका तासाचा खेळ महिन्याची मेहनत घालवतो. तरीही पाऊस थांबला की मुलं दाराशी उभी राहतात आणि नाही म्हणणं जड जातं. म्हणून हा निर्णय त्या क्षणी घेण्याची वेळ आणू नका. वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांशी आणि क्रीडाशिक्षकांशी बोलून ठरवा की मैदान उघडं की बंद हे सकाळी कोण सांगणार. त्याच्या गैरहजेरीत दुसरं कोण? बंद असलेल्या दिवशी मुलांना पक्क्या कोर्टावर किंवा सभागृहात काय देता येईल, तेही लिहून ठेवा. मुलांना मूठ आवळून वाफसा दाखवा. मी दाखवायला लागल्यापासून सहावी-सातवीची मुलं स्वतःच येऊन सांगतात, सर, गोळा फुटत नाहीये अजून.

शेवटी एक वही. तारीख, पाऊस पडला का, मैदान कुठे ओलं होतं, कोणत्या भागात किती तास खेळ झाला, काय दुरुस्त केलं, कोण कुठे पडलं. हा शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. तीन महिन्यांत तीन मुलं एकाच जागी पडली असतील, तर ती मुलं धांदरट आहेत असं धरून चालू नका. त्या जागी जाऊन खाली बसा, जमिनीलगत डोळा न्या आणि हात फिरवून बघा.